पाठ शिसवीची

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल आणि मेम्फिस इथल्या गिब्सन कंपनीच्या कारखान्यांवर २४ ऑगस्ट २०११ रोजी केंद्र सरकारच्या सशस्त्र अधिकाऱ्यांची धाड पडली. काम थांबलं, कामगारांना बाहेर काढलं, फायली आणि माल ताब्यात घेतला गेला. त्या मालात मुख्य होतं लाकूड. गिटारच्या मानेवर जी काळसर पट्टी चिकटवतात आणि जिच्यावर पडदे बसवतात, त्या पट्टीसाठी कापलेले शिसवीचे आणि आबनुसाचे तुकडे. ते भारतातून आले होते.

धाड ज्या कायद्याखाली पडली तो लेसी ॲक्ट १९०० सालचा. मुळात तो शिकारीतून मारलेल्या पशुपक्ष्यांच्या व्यापारासाठी केलेला, पण २००८ मध्ये त्यात झाडं आणि लाकूडही आलं. त्याचं सूत्र असं की, मूळ देशाचा कायदा मोडून माल बाहेर पडला असेल, तर तो अमेरिकेत आणणं आणि बाळगणंही गुन्हा. त्यामुळे टेनेसीतल्या तपास अधिकाऱ्यांना भारताचं परराष्ट्र व्यापार धोरण वाचत बसावं लागलं. भारतातून चिरलेलं लाकूड निर्यात करायला बंदी. मात्र ६ मिलिमीटरपेक्षा पातळ व्हिनियर आणि तयार वस्तू यांना परवानगी. गिब्सनकडे निघालेले तुकडे होते सुमारे १० मिलिमीटर जाडीचे. मग ते चिरलेलं लाकूड म्हणायचं, की वाद्याचा तयार भाग? या चार मिलिमीटरच्या फरकावर पुढचं वर्षभर वकील, पत्रकार आणि राजकारणी भांडले. कंपनीचे प्रमुख हेन्री जस्कीविच यांना रिपब्लिकन पक्षाने सरकारी जाचाचा बळी म्हणून मिरवलं. बराक ओबामांच्या सप्टेंबरमधल्या रोजगारविषयक भाषणाला ते संसदेत याच पक्षाचे पाहुणे म्हणून बसले होते.

ऑगस्ट २०१२ मध्ये तडजोड झाली. गिब्सनने ३ लाख डॉलर दंड भरला आणि वर वन्यजीव निधीला ५० हजार डॉलर दिले. दंडाचं खरं कारण वेगळंच होतं. २००९ मध्ये याच कंपनीवर आधी एक धाड पडली होती ती मादागास्करच्या आबनुसासाठी, आणि ते लाकूड सरकारजमा झालं. भारतीय लाकूड मात्र परत मिळालं. भारताच्या नियमांत या तुकड्यांच्या वर्गवारीबद्दल विसंगती आहे, असं अमेरिकी सरकारने तडजोडीच्या कागदात स्वतःच मान्य केलं. परत आलेल्या लाकडातून गिब्सनने २०१३ मध्ये 'गव्हर्नमेंट सिरीज' या नावाच्या गिटारी काढून विकल्या. धंद्यातल्या या निर्लज्जपणाला दाद द्यावी की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.

या सगळ्या गदारोळात एका गोष्टीकडे आपल्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. जगातल्या चांगल्या गिटारींच्या पाठी आणि कुशी गेली पन्नासहून अधिक वर्षं ज्या लाकडाच्या होत आल्या आहेत, ते लाकूड आपल्या पाटापलंगांचं आहे.

शिसव, डालबर्जिया लॅटिफोलिया. सह्याद्रीपासून निलगिरीपर्यंतच्या पानझडी आणि निमसदाहरित रानांत वाढणारी. उत्तरेकडची शिसम किंवा शिसू ही तिची चुलत बहीण, जात वेगळी. आपल्याकडे शिसवीचे पाट झाले, झोपाळे झाले, देव्हारे झाले, तबल्याची खोडं झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी तिच्यावर दाट कोरीवकाम करून टेबलं, खुर्च्या, कोच बनवले. ते सामान 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने ओळखलं जायचं आणि आजही जुन्या पारशी घरांत आणि लिलावांत भेटतं. गिटारवाले याच लाकडाला ईस्ट इंडियन रोझवुड म्हणतात.

पण पाठीकडे जाण्याआधी छातीबद्दल बोलायला हवं, कारण गिटार वाजते ती तिथून.

तार नुसती छेडली तर तिचा आवाज जवळजवळ येतच नाही. इतक्या बारीक वस्तूने हवा ढकलली जात नाही. तारेची थरथर घोडीतून वरच्या फळीत उतरते आणि ती फळी हवा हलवते. सतारीचे कारागीर या फळीला तबली म्हणतात. गिटारसाठीही तोच शब्द चालवायला हरकत नसावी. या तबलीकडून दोन उलट अपेक्षा असतात. ती इतकी हलकी हवी की तारेच्या जराशा झटक्यानेही हलेल, आणि इतकी कणखर हवी की पोलादी तारांच्या सत्तर-ऐंशी किलोंच्या ताणाखाली वर्षानुवर्षं दबणार नाही. जाडी किती, तर अडीच ते तीन मिलिमीटर.

या दोन्ही अपेक्षा एकत्र पुऱ्या करणारं लाकूड म्हणजे थंड प्रदेशातलं स्प्रूस. वजनाला पाण्याच्या निम्म्याहूनही हलकं, पण तंतूंच्या दिशेने त्यातून ध्वनी सेकंदाला ५ हजार मीटरहून अधिक वेगाने धावतो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या सुमारे पंधरापट. अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचं सिट्का स्प्रूस, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांतलं लाल स्प्रूस, आल्प्समधलं युरोपी स्प्रूस या त्यातल्या नावाजलेल्या जाती. इटलीतल्या पानेवेज्जोच्या रानाला तर व्हायोलिनचं रान असंच म्हणतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये वाया नावाच्या वादळाने त्या भागात लाखो झाडं आडवी केली, तेव्हा वाद्यं बनवणाऱ्यांच्या पोटात गोळा आला होता.

नुसती जात बरोबर असून भागत नाही. ओंडका गाभ्यापासून सालीकडे असा चिरावा लागतो की वर्षागणिक पडलेल्या रेषा फळीच्या पृष्ठाला काटकोनात उभ्या येतील. आडव्या आल्या तर तीच फळी ढिली पडते आणि हवेतल्या दमटपणाने जास्त फुगते. चोखंदळ माणसं करवत लावण्याआधी ओंडका पाचर ठोकून फोडतात, म्हणजे लाकूड आपल्या तंतूंच्या वाटेनेच उकलतं आणि झाडाला असलेला पीळ दिसून येतो. मग एकाच फळीचे दोन पातळ काप काढून, पुस्तक उघडावं तसे ते मधल्या रेषेवर जोडतात. डावीकडची प्रत्येक रेघ उजवीकडे आरशात पाहिल्यागत उमटते. त्याआधी हे काप काही वर्षं सावलीत वाळलेले असावे लागतात.

एवढं झाल्यावर खरं काम सुरू होतं, आणि ते कुणाला दिसत नाही. तबलीच्या आतल्या बाजूला स्प्रूसच्याच बारीक पट्ट्या चिकटवतात. ताण त्या पेलतात. पण प्रत्येक पट्टी जितकी जाड, तितकी फळी जड आणि मुकी. म्हणून कारागीर त्या पट्ट्या पटाशीने टोकांकडे उतरत्या करत जातो, मध्ये मध्ये फळी दोन बोटांत धरून टिचकी मारतो, ऐकतो, पुन्हा तासतो. कुठे थांबायचं हे कुठल्याच मापात लिहिलेलं नसतं. कारखान्याला हजारो गिटारींची हमी द्यायची असते, म्हणून तो जरा जास्त लाकूड ठेवून सुरक्षित बाजूला राहतो. हाताने एकेक गिटार करणारा माणूस त्या काठावर आणखी पुढे सरकू शकतो, कारण त्याच्या हातातली ही फळी मागच्या फळीपेक्षा किती कडक आहे हे त्याला ठाऊक असतं. हातगिटारीला जास्त पैसे मोजण्यामागे मला तरी एवढंच एक पटणारं कारण दिसतं. शिंपल्याची नक्षी, गिऱ्हाइकाचं नाव कोरणं वगैरे गोष्टी हौसेच्या.

हे सगळं आधुनिक रूपात पहिल्यांदा जुळवलं ते स्पेनच्या अल्मेरियातल्या अंतोनियो दे तोर्रेस याने. १८१७ चा जन्म, शिक्षण सुतारकामाचं. आजच्या शास्त्रीय गिटारचा आकार, पंख्यासारख्या पसरलेल्या सात पट्ट्यांची मांडणी, मोठं पोट, हे त्याने स्थिर केलं. १८६२ मध्ये त्याने एक विचित्र गिटार केली. तबली नेहमीसारखी स्प्रूसची, पण पाठ आणि कुशी चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या. आवाज तबलीचा असतो, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तोर्रेसला कुणी गुपित विचारलं की तो म्हणे अंगठा आणि तर्जनी पुढे करायचा: लाकडाची जाडी या चिमटीला कळते, ते कुणाला शिकवता येत नाही. गोष्ट त्याच्या ओळखीच्या एका पाद्र्याने नंतर सांगितलेली आहे, त्यामुळे तिला थोडा मुलामा चढला असेल. पुठ्ठ्याची गिटार मात्र डोळ्यांनी पाहता येते.

आता पाठ. पुठ्ठ्याची चालत असेल, तर शिसव कशाला?

एक कारण आहे ध्वनीचं. शिसव स्प्रूसच्या दुपटीने जड आणि घट्ट. तबलीची थरथर ती फारशी पिऊन टाकत नाही, परत फेकते. शिसवीच्या पातळ फळीला बोटाच्या पेराने ठोकलं तर लाकूड वाजल्यासारखं वाटतच नाही, धातूसारखी लांबत जाणारी आस येते. दुसरं कारण कामाचं. कुशीसाठी २ मिलिमीटरपर्यंत रंधलेली शिसवी पट्टी पाण्याने ओलवून तापलेल्या नळीवर हळूहळू दाबली की ती वाकते, गार झाली की तशीच राहते आणि वर्षानुवर्षं आकार सोडत नाही. वाकवताना आणि करवतताना तिचा गोडसर वास सुटतो. त्रासही आहे. या लाकडाच्या पोटात चुनखडीसारखे कण साठलेले असतात, त्याने रंध्याचं पातं लवकर बोथटतं. आणि तिच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठतं. तिसरं कारण रूपाचं. जांभळट-तपकिरी अंगावर काळ्या शिरा, आणि वर लाखेचं पॉलिश. ही लाखही बहुतेक वेळा आपल्याच देशातली, झारखंडच्या पळस-कुसुमांवर वाढलेल्या किड्यांची. युरोपात घडलेल्या एखाद्या उंची शास्त्रीय गिटारमध्ये स्पेन किती आणि हिंदुस्थान किती, हा हिशेब करायला बसलं तर मजा येईल.

आणि तरी, शिसव गिटारमध्ये आली ती या गुणांमुळे नव्हे. ती बदली कामगार म्हणून आली.

मूळ मानकरी होती ब्राझीलची जाकारांडा, शिसवीच्याच कुळातली डालबर्जिया नायग्रा. अमेरिकेतल्या गिटारीचा इतिहास मोठ्या प्रमाणात ज्या मार्टिन कंपनीचा इतिहास आहे, ती कंपनी शतकभर हेच लाकूड वापरत होती. संस्थापक क्रिस्टियान फ्रेडरिक मार्टिन १७९६ मध्ये सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्खेन गावी जन्मला. वाद्यं करणाऱ्यांच्या त्या गावात व्हायोलिनवाल्यांचा एक संघ होता आणि फर्निचर करणाऱ्या सुतारांचा दुसरा. गिटार करण्याचा हक्क कुणाचा, यावर या दोघांत वर्षानुवर्षं अर्ज आणि खटले चालले. व्हायोलिनवाल्यांचं म्हणणं असं, की सुतारांनी आमच्या कामात हात घालू नये. मार्टिन सुतारांच्या बाजूचा. त्याला या कटकटीचा वीट आला असावा; १८३३ मध्ये त्याने न्यूयॉर्क गाठलं आणि पुढे पेन्सिल्व्हेनियातल्या नाझारेथला कायमचा गेला. तबलीखाली इंग्रजी एक्स अक्षरासारखी फुली मारणारी पट्ट्यांची रचना त्याच्या कारखान्यात १८४० च्या दशकात रुजली, आणि पुढे पोलादी तारा आल्यावर तीच कामी आली. आज दुकानात दिसणारी जवळपास प्रत्येक पोलादी तारांची गिटार आतून तशीच असते.

ब्राझीलचं लाकूड अटलांटिक किनाऱ्यालगतच्या रानांतलं. ती रानं शेतीसाठी साफ झाली, आणि जे लाकूड निघालं त्याचा मोठा वाटा फर्निचरने खाल्ला. १९५० आणि ६० च्या दशकांतलं डॅनिश फर्निचर त्यात आघाडीवर होतं. गिटारवाल्यांचा घास त्या मानाने लहान. पण रुंद फळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा चटका त्यांना आधी बसला. मार्टिनने १९६५ मध्ये काढलेल्या डी-३५ या गिटारची पाठ दोनऐवजी तीन तुकड्यांची आहे. जाहिरातीत ते सौंदर्य म्हणून आलं, पण मूळ अडचण अरुंद लाकडाची होती. मग ब्राझील सरकारने सबंध ओंडके बाहेर पाठवायला मनाई केली. चिराईचा रोजगार देशातच राहावा, हा हेतू. मार्टिनला ओंडकेच हवे होते, कारण फळी कशी काढायची हे त्यांना स्वतः ठरवायचं होतं. १९६९ मध्ये त्यांनी आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय शिसव घेतली, आणि बाकीचे कारखाने मागोमाग आले. १९९२ मध्ये ब्राझीलची जाकारांडा वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेली आणि तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंदच झाला.

तेव्हापासून गिटारीच्या दुनियेत एक पुराण तयार झालं. जाकारांडाचा आवाज घंटेचा, शिसवीचा जरा मऊ. महोगनी कोरडी, मेपल चकचकीत. दुकानातला विक्रेता हे सांगतो, गिऱ्हाईक मान डोलावतं, आणि दोघांनाही खरोखर तसं ऐकू येतं.

इंग्लंडमध्ये लँकास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी हे पुराण तपासायचं ठरवलं. फाइल्ड गिटार्सचे रॉजर बकनॉल हे तिथले जाणते कारागीर. त्यांनी सहा गिटारी केल्या, सगळ्या एकाच घडणीच्या, फरक फक्त पाठ आणि कुशीच्या लाकडाचा: ब्राझीलची जाकारांडा, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. ५२ गिटारवादक बोलावले. खोलीत अंधूक उजेड, वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे, म्हणजे हातातलं लाकूड दिसू नये. सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळपास सारखेच आले. नुसत्या कानाने एक गिटार दुसरीपासून ओळखायला सांगितलं, तिथेही बहुतेकांचा अंदाज चाचपडत राहिला. २०१८ मध्ये हा शोधनिबंध अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला.

यावर गिटारवाल्यांचे आक्षेप आहेत आणि त्यातले काही मला मान्य आहेत. सहा गिटारी म्हणजे फार नाहीत; प्रत्येक जातीचा एकच नमुना. वाजवणाऱ्याला हाताखाली जे जाणवतं, वर्षभर सोबत राहून जे कळतं, ते थोड्या वेळाच्या चाचणीत सापडेलच असं नाही. पण निष्कर्षाचा रोख मला पटतो, आणि तो तोर्रेसच्या पुठ्ठ्याशी जुळतो. तबलीचं लाकूड, तिची जाडी, आतल्या पट्ट्या आणि त्या तासणारा हात यांचं वजन मोठं. पाठीच्या जातीचं लहान. गंमत अशी, की किमतीत सगळ्यात मोठा फरक पडतो तो पाठीच्या जातीमुळे. जाकारांडाच्या गिटारला जे लाखो रुपये पडतात, त्यात दुर्मीळपणाचा वाटा किती आणि आवाजाचा किती, हे विकणाऱ्यालाही सांगायची गरज वाटत नाही.

दुर्मीळपणा मात्र खरा आहे. आणि तो कानांच्या नव्हे, डोळ्यांच्या हावेतून आलेला आहे. या शतकात चीनमध्ये लाल लाकडाच्या फर्निचरची मागणी अशी काही वाढली, की आफ्रिका आणि आग्नेय आशियातली रोझवुडची रानं ओरबाडली गेली. जगभर जप्त झालेल्या वन्यमालाची किंमत काढली, तर २००५ ते २०१४ या काळात त्यात एक तृतीयांशाहून जास्त वाटा रोझवुडचा होता, हस्तिदंताहूनही मोठा. शेवटी २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाचं अख्खं कूळ साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं. फर्निचरसाठी टाकलेल्या जाळ्यात गिटारीही अडकल्या. कारखान्याला प्रत्येक देशात माल पाठवताना परवाने आले. मैफलींसाठी फिरणारे वादक विमानतळावर आपली गिटार अडवतील म्हणून धास्तावले. संगीताच्या धंद्यातले लोक आणि वाद्यवृंद यांनी जोर लावल्यावर २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग यांना सूट मिळाली. जाकारांडाला नाही, ती पहिल्याच परिशिष्टात आहे. आपल्याकडच्या शिसमच्या हस्तकलेला दिलासा मिळायला आणखी वेळ लागला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामातल्या साइट्सच्या बैठकीत प्रत्येकी दहा किलोंपर्यंतच्या वस्तूंचा प्रश्न सुटला.

२०१७ ते २०१९ या मधल्या काळात कारखान्यांनी पर्याय शोधले, आणि त्यातला एक आपल्या डोंगरांतला निघाला. फेंडरच्या स्क्वायर या स्वस्त ब्रँडच्या कित्येक इलेक्ट्रिक गिटारींच्या वर्णनात पडद्यांच्या पट्टीसाठी रोझवुडच्या जागी 'इंडियन लॉरेल' असं लिहून यायला लागलं. हा लॉरेल म्हणजे ऐन. मगरीच्या पाठीसारखी भेगाळ साल असलेला, सह्याद्रीत ट्रेकला गेलेल्या प्रत्येकाने ज्याला टेकून पाणी प्यायलं असेल तो ऐन. दादरच्या दुकानात नवी गिटार घेऊन तिचे गुण वाचणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही.

आबनुसाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्यात एका कारखानदाराने चांगलं वागून दाखवलं. कॅमेरूनच्या याउंदे शहरातली क्रेलिकाम ही लाकूडगिरणी २०११ मध्ये अमेरिकेच्या टेलर गिटार्सने एका स्पॅनिश व्यापारी कंपनीबरोबर विकत घेतली. तिथे बॉब टेलर यांना कळलं की आबनूस तोडल्याशिवाय आतून काळंभोर आहे की पट्ट्यापट्ट्यांचं हे समजत नाही. बाजाराला फक्त काळं हवं. म्हणून दहा झाडं पाडून एक उचललं जायचं, बाकीची रानातच कुजायची. त्यांनी पट्ट्यांचं लाकूडही काळ्याच्या भावाने घ्यायला सुरुवात केली आणि ते आपल्या महागड्या गिटारींवर बसवलं. याच टेलर यांनी १९९५ मध्ये मालवाहतुकीच्या टाकाऊ फळकुटांतून, ओकच्या, एक उत्तम वाजणारी गिटार करून प्रदर्शनात मांडली होती. तोर्रेसच्या पुठ्ठ्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी तेच उत्तर.

आपल्या मिरजेत हे वाद कधी झाले नाहीत. तिथल्या सतारमेकरांनी तून हे हलकं, सहज मिळणारं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरलं, पंढरपूर भागातले भोपळे निवडून आणले आणि वाद्याची किंमत जवारीवर, म्हणजे घोडी घासून साधलेल्या नादावर ठरवली, लाकडाच्या जातीवर नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गिटारवाल्यांनी एकदा जाऊन पाहावं असं ते काम आहे.

मिरजेच्या कारागिरांना हवामानाचीही चांगली जाण असते, आणि ती इथे गिटार घेणाऱ्याने शिकून घ्यावी. चांगली गिटार घडते ती ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत. मुंबईच्या किंवा पणजीच्या पावसात तबली फुगून वर येते, तारा पडद्यांपासून उंच जातात, बोटं दुखतात. नागपूरच्या मे महिन्यात उलट: फळी आक्रसते आणि जोडावर तडकते. सबंध लाकडाची गिटार घेतली तर ती पेटीत, ओलावा राखणाऱ्या पुडीसकट ठेवावी लागेल. ते जमणार नसेल तर थरांच्या पाठीची आणि सबंध तबलीची घ्यावी. वर म्हटल्याप्रमाणे पाठीने फार बिघडत नाही.

राहतो प्रश्न शिसवीचा, आणि तो गिटारहून मोठा आहे.

गिटारसाठी गेलेलं बरंचसं शिसवी लाकूड घनदाट रानातलं नव्हतं. कोडगू, वायनाड, निलगिरी या पट्ट्यातल्या कॉफीच्या आणि चहाच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेली जुनी झाडं, आणि सरकारी डेपोंतले लिलाव, हे त्याचे मार्ग. दक्षिणेतल्या राज्यांनी या झाडाला कायद्याचं मोठं कुंपण घातलं. तामिळनाडूत १९९४ च्या कायद्याने खासगी जमिनीतली शिसवही परवानगीविना तोडायला मनाई केली. केरळात ती राजवृक्षांपैकी एक. सरकारने पट्ट्याने दिलेल्या जमिनीवर उभी असली तरी मालकी सरकारची. तिथे २४ ऑक्टोबर २०२० रोजी निघालेल्या एका आदेशाचा सोयीचा अर्थ लावून वायनाडच्या मुट्टिल गावात शंभराहून अधिक शिसवी पाडल्या गेल्या, आणि आदेश मागे घेतला गेला तोवर झाडं आडवी झाली होती. कित्येक जमीनमालकांच्या हातात किमतीच्या मानाने क्षुल्लक रक्कम टेकवली होती. कुंपण उंच असलं की त्यातली फट फार किमती होते, याचं इतकं लख्ख उदाहरण दुसरं नाही.

पण मला जास्त काळजी वाटते ती पाडलेल्या झाडांची नाही, न लावलेल्यांची. डोळ्यांसमोर आकडे आणू. मोठ्या गिटारची पाठ खालच्या भागात सुमारे ४० सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे जोडाच्या प्रत्येक बाजूला २० सेंटिमीटरची फळी. रेषा उभ्या येतील अशी ती काढायची तर खोडाच्या केंद्रापासून कडेपर्यंत नुसता काळा गाभाच २० सेंटिमीटरहून जास्त हवा. वर कच्च्या पांढऱ्या लाकडाचा थर आणि साल. असं खोड व्हायला शिसवीला अनेक दशकं लागतात. आता कोडगूतला मळेवाला घ्या. तिथल्या पुष्कळ जमिनींवर जुन्या देशी झाडांचा हक्क मालकाकडे नाही. तोडायची तर अर्ज, पाहणी, शिक्के, आणि मग सरकारचा वाटा. त्याच्याच मळ्यात सिल्व्हर ओक हे ऑस्ट्रेलियातून आलेलं झाड सरळसोट वाढतं, मिरीचा वेल चढवायला सोयीचं पडतं, पंचवीस-तीस वर्षांत विकण्याजोगं होतं आणि कापायला फारशी कटकट नाही. कोडगूच्या मळ्यांत देशी सावली कमी होऊन सिल्व्हर ओक पसरत चालल्याचं वनशास्त्राचे अभ्यासक बऱ्याच वर्षांपासून नोंदवत आले आहेत. शिसवीची रोपं रोपवाटिकेत मिळतात, जमीन आणि पाऊस तिला मानवतो, बाजारभावही सिल्व्हर ओकच्या कित्येक पट. लावणाऱ्याच्या नातवाला ते झाड विकता येईल असं लेखी आश्वासन मात्र त्याला कुणी देत नाही, आणि म्हणून तो यंदाच्या पावसातही सिल्व्हर ओकच लावेल.